आजीच्या पेटीतला खवला

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शेजारच्या काकांनी विचारलं, "लेक जिनिव्हात करते काय?" आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "प्राण्यांचं काहीतरी." आईनं फोनवर हसत सांगितलं, पण मला जरा लागलंच. अहो, तुम्ही तलाठी म्हणून जन्मभर केलंत तेच मी करते. कागद तपासते!

मी ज्याचं काम बघते तो सायटीस नावाचा करार, रानटी प्राणी-वनस्पतींच्या देशादेशांतल्या व्यापारावरचा, १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला, भारत त्यात १९७६ मध्ये आला. त्याची तीन परिशिष्टं. पहिल्यात नाव आलं की त्या प्राण्याचा देशाबाहेर धंदा बंद. दुसऱ्यातल्यांना दाखला लागतो, आणि यामुळे जंगलातली संख्या ढासळणार नाही हे पाठवणाऱ्या देशानं आधी तपासायचं. दाखल्याची शंका आली की तो देणाऱ्या देशाला विचारायचं, हा खरा तुमचाच का? पकडापकडी त्या त्या देशाचे लोक करतात. मी फेरफाराच्या कागदावर बोट ठेवून "शाई ताजी दिसतेय" म्हणणाऱ्या माणसाची मुलगी, एवढंच.

पण आज पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला आठवड्याभरात खवले मांजराचे २५ टनांहून जास्त खवले सापडले. एका कंटेनरच्या कागदावर लिहिलं होतं, गोठवलेलं बीफ. खवले मांजराच्या आठही जाती २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत पहिल्या परिशिष्टात गेल्यात, तरी ही गत. परवा प्रशिक्षणासाठी ते फोटो पुन्हा काढले, आणि आजीची लोखंडी पेटी आठवली.

काळ्या दोऱ्यातला तो खवला. अंगठ्याएवढा, कडेला झिजलेला, कापराचा वास असलेला. मला ताप आला की गळ्यात बांधायची. आपली नखं ज्याची असतात त्याचाच तो, औषध कसलं! ताप उतरायचा तो पेजेनं आणि झोपेनं.

घरात ठेवणंही आपल्या कायद्यात गुन्हा आहे, हे मला किती वर्षं ठाऊक आहे, आणि मी गप्प. जगाला शहाणपण शिकवते आणि माझ्याच माळ्यावर तो आहे.

आई, आजीची आठवण म्हणशील, कळतं मला. पण कुणाला देऊ नका, पऱ्ह्यात टाकू नका. गणपतीला येतेच आहे, तेव्हा तिघं मिळून वनखात्याच्या कचेरीत जाऊ. अर्ज बाबांनीच लिहावा. माझं अक्षर तुम्हाला कधी आवडलेलं नाही.

तुमची,
सुमी