चि. रेवास, बीटवर रुजू होण्याआधी

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा ताडोब्याहून येताना मी गाडीत एक अक्षर बोलले नाही, ते तुला रागाचं वाटलं. सुमाआत्याकडून कळलं. राग नव्हता गं. उतरताना तू विचारलंस, "आई, आता तरी पटलं ना?" पटलं. वनरक्षकाची नोकरी तुझ्याच जोगी आहे, बीट म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, हेही आता कळलं. एवढंच लिहायचं, काळजीचं काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

मोहर्लीच्या गेटातून आत शिरलो आणि तू वेगळीच झालीस. आमचे डोळे वाघ शोधत होते, तू कान देऊन बसली होतीस. चितळ ओरडलं तशी पुढच्या जिप्सीतली माणसं उभीच राहिली. तू म्हणालीस, चितळ कशालाही बिचकतं, सांबराचा धोक्याचा कॉल येऊ दे. थोड्या वेळाने सांबर ओरडलं, आणि गाइडने मागे वळून तुझ्याकडे बघून मान हलवली. त्या माणसाचा जन्म या जंगलात गेलाय. घरी आल्यावर बाबांना मी ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग बांबूतून वाघीण निघाली. रस्ता ओलांडून गेली, आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे तिला बघत होते आणि मी जिप्सीचा पत्रा बघत होते. कमरेएवढा का होईना, आमच्या आणि तिच्या मध्ये तो होता. तुझ्याभोवती तोही नसणार.

तू सांगितलेलं सगळं मला पाठ झालंय. पहाटे २ किलोमीटरची ट्रान्झेक्ट लाइन, म्हणजे मोजणीसाठी आखलेली सरळ वाट, पायी चालायची, दिसतील ती चितळं, सांबरं, गवे मोजायचे, पगमार्क म्हणजे पंजांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यातच, कोलाऱ्याच्या बाजूला, वाघांच्या गणनेच्या अशाच पाहणीत वाघिणीने एका महिला वनरक्षकाचा जीव घेतला. ती एकटी नव्हती, सोबत माणसं होती. हे तुला माझ्याआधी माहीत असणार, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

म्हणून सांगते, घाई असली तरी एकटी आत जाऊ नकोस. दाट बांबूत बोलत, काठी आपटत चाला. अस्वल आपल्याच नादात असतं, एकदम समोर माणूस आला की अंगावर येतं. वाघ दिसला तर पाठ फिरवून पळू नकोस. पगमार्क मोजायला वाकशील तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आजूबाजूला असू दे. मोहफुलं वेचताना, तेंदूपानं तोडताना वाकलेली माणसंच कितीदा सापडतात.

बघ, लागले ना शिकवायला! ज्या विषयातलं तुला कळतं त्यात मी तुला धडे देतेय. रागावू नकोस.

तू पाच वर्षांची असताना घोरपडीमागे नाल्यात उतरली होतीस. सगळं घर हाका मारत होतं. आबांना सापडलीस तेव्हा पालथी पडून बिळात बघत होतीस, आणि "ओरडू नका, ती आत जाईल" असं त्यांनाच दटावलंस. आबा हसले होते. मी तुला मारलं होतं. भरतीच्या वेळी चार तासांत १६ किलोमीटर चालून आलीस, तळपायाला फोड आणि तोंडभर हसू, तेव्हा मला तोच चेहरा दिसला. आबा असते तर गावभर सांगत फिरले असते. त्यांच्या वाटचं मी सांगते, शेजारच्या काकू कंटाळल्या असतील.

गणवेशातला फोटो पाठव. बूट एक माप मोठे घे, जाड मोज्यांनी पाय दुखतात. बीटवर रेंज नसते हे मला कळतं, फोन आला नाही म्हणून मी घाबरणार नाही. रात्री कॅम्पवर पोचलीस की वायरलेसवरून कुणाला तरी कळवत असशीलच, त्या माणसाचा नंबर मात्र बाबांना दे.

तुझी,
आई

ता. क. तुझ्यासोबत लाइनवर चालणारे मजूर कोण, किती वर्षं त्या जंगलात आहेत, ते विचारून कळव. बाबांनी विचारलंय. मीही.