ब्रेक पॅड आणि गंजलेले बोल्ट

संपादक महोदय,

खानापूर-जांबोटी भागातील पावसाचिखलात दुचाकीच्या डिस्क ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट गंजून घट्ट बसतात, आणि घरीच पॅड बदलणारे अनेक तरुण बेसुमार जोर लावून त्यांची डोकी गोल करून टाकतात. त्याऐवजी गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री थेंबभर सोडावे, मापाचा सहाकोनी गोटी पाना पूर्ण बसवावा आणि बोल्ट किंचित मागेपुढे हलवत सोडवावा. तेल डिस्कला वा नव्या पॅडला लागता कामा नये. तेल लागलेला पॅड टाकूनच द्यावा. नवे पॅड बसवताना त्यांना दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असल्याने ब्रेकचा दांडा सुरुवातीला पोकळ लागतो. तो पुन्हापुन्हा दाबून घट्ट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणे, विशेषतः चोर्ला घाटाच्या उतारावर, जिवावर बेतू शकते.

एक वाचक, बेळगाव