मंत्रीसाहेब, कोनशिलेवर तुमचं नाव आहे, आमच्या शिपायांची कुठे आहेत?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम जय भीम.

गेल्या रविवारी आपण दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत येऊन पेन्शनर स्मारकाचं उद्घाटन केलंत, एवढा रस्ता खराब असूनही आलात, त्याबद्दल आधी आभार. फेटा पण छान दिसत होता. आता मुद्द्याचं. दोन निवडणुकांपूर्वी ह्याच वाडीत आपण माईकवर बोलला होतात की इथल्या जुन्या लष्करी पेन्शनरांची नावं दगडात कोरली जातील, टाळ्या वाजल्या, व्हिडिओ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. रविवारी पडदा सरकला तर वर तुमचं नाव, त्याखाली आमदार, मग अध्यक्ष, सभापती, सरपंच, कॉन्ट्रॅक्टरचं पण नाव आहे साहेब, आणि शिपायाचं एक पण नाही. एक पण नाही! खाली बारीक अक्षरात 'शूर सैनिकांच्या स्मरणार्थ'. कुठले सैनिक, कुणाचे, काय कळणार पोरांना?

आमचे खापरपणजोबा इंग्रजांच्या बॉम्बे आर्मीत ग्रेनेडियर्स पलटणीत शिपाई होते. पगार महिन्याला सात रुपये. 27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानात मैवंदला जी लढाई झाली, जिथे अफगाण सरदार अयुबखानाने इंग्रजांना धुतलं, अडीच हजाराच्या फौजेतली साडेनऊशेच्या वर माणसं एका दिवसात गेली, त्यातून हा माणूस जिवंत सुटला आणि कंदाहारपर्यंत पंचेचाळीस मैल पाण्याविना चालत आला. आजी सांगायची की म्हातारपणी पण ते तांब्या उशाशी घेतल्याशिवाय झोपायचे नाहीत, रात्री उठून उठून पाणी आहे का बघायचे. त्यांचं चांदीचं मेडल आमच्याकडे आहे, एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर तोफ घेतलेला हत्ती, म्हणून घरात सगळे त्याला हत्तीचं मेडल म्हणतात. लढाईचं नाव लिहिलेली पट्टी मेडलवर लावतात, ती मैवंदची त्यावर नाही, हरलेल्या लढाईला पट्टी देत नाहीत. पण कडेला नंबर आणि नाव कोरलेलं आहे, अजून वाचता येतं.

स्मारकावर त्यांचं नाव यावं म्हणून हे मेडल घेऊन मी एका सरकारी कचेरीत गेलो होतो (कुठल्या ते लिहीत नाही, साहेबांना माहीत आहे). तिथल्या बाईंनी मेडल बघितलंच नाही, म्हणाल्या मृत्यूचा दाखला आणा. शंभर वर्षांच्या वर झाली जाऊन! मग म्हणाल्या वारस दाखला आणा, मग वंशावळ आणा, अॅफिडेव्हिट करा, मग टेबल बदललं आणि नवीन साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिसऱ्या मजल्यावर चढायचं, लिफ्ट बंद. वडिलांची एकच इच्छा होती की नाव कोरलेलं बघायचं, मागच्या पावसाळ्यात तेही गेले. त्यांचा दाखला मात्र लगेच मिळाला, हवा असेल तर पाठवतो.

तिकडे इंग्लंडात बघा. रेडिंग शहरात ह्याच मैवंदच्या लढाईसाठी लोखंडाचा भला मोठा सिंह उभा आहे, 1886 पासून, खाली 66 व्या गोऱ्या रेजिमेंटच्या 329 जणांची नावं. त्या पलटणीत बॉबी नावाचं एक कुत्रं होतं, ते पण लढाईतून वाचलं, तर 1881 मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला मेडल दिलं, पुढच्या वर्षी गाडीखाली मेलं तर पेंढा भरून ठेवलं, आज सॉल्सबरीच्या म्युझियममध्ये काचेत आहे. कुत्र्याचं नाव जगाला माहीत आहे साहेब. त्याच रणात शेजारी उभ्या असलेल्या आमच्या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या वाडीतल्या स्मारकावर नाही.

लगेच इंग्रजांचा चमचा म्हणू नका. त्यांनी पण आमचं वाट्टोळंच केलं. भीमा कोरेगावच्या खांबावर 49 नावं कोरली, त्यातली 22 महारांची, आणि 1892 च्या सुमारास ह्याच लोकांनी महारांची भरतीच बंद करून टाकली, म्हणे तुम्ही लढवय्ये नाहीत! बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारांनी भरतीबंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेतला, रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून रिटायर झालेले, त्यांनी दापोलीहून अर्ज केला, काही झालं नाही. आमच्या घरात तर हा घाव सरळ बसला. छावणीच्या शाळेत मुलींना पण शिकवायचे म्हणून खापरपणजीला वाचता यायचं, आणि तिच्या मुलाला पलटणीत घेतलं नाही म्हणून तो मुंबईला गिरणीत गेला आणि छाती खराब करून परत आला. गावात मेडलवाल्याच्या मुलाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं ते वेगळंच. मग 1917 ला महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण काढली आणि युद्ध संपल्यावर मोडली, शेवटी 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असली की शूर, गरज संपली की कोण तुम्ही. ही सवय इंग्रज जाताना सोबत घेऊन गेले नाहीत एवढंच.

आणि तुम्ही एकटे नाही, सगळेच पक्ष सारखे. 1 जानेवारीला खांबाजवळ फोटो, 14 एप्रिलला फोटो, मधल्या दिवसांत बौद्धवाडीचा रस्ता शोधून दाखवा. स्मारकाला कोण म्हणतं 25 लाख, कोण म्हणतं 40, चार फरश्या आणि एक पाइप बघून मला तर पाच लाख पण दिसत नाहीत. मुंबई-गोवा हायवे दहा वर्षांच्या वर झालं पूर्ण होतोय, तिथे हिशोब कुणी विचारला नाही तर इथे कोण विचारणार. झेडपीच्या शाळेत पटसंख्या नाही म्हणून मास्तर काढतात, लष्कराच्या शाळेने दीडशे वर्षांपूर्वी आमच्या बायका शिकवल्या आणि आज आमच्या पोरी सहा किलोमीटर चालतात.

मागणी छोटी आहे. ती फरशी काढा. तुमचं नाव मागच्या बाजूला टाका, हरकत नाही, पण समोर वाडीतल्या पेन्शनरांची नावं पाहिजेत, पलटणीसकट. आमच्याकडे मेडलं आहेत, पेन्शनची कागदं आहेत, बुद्धविहारात बसून यादी करून दिलेली आहे, तिची पोच पण आहे. खर्चाची माहिती आरटीआयमध्ये मागितली आहे, ती द्या. निधी संपला असेल तर सांगा, आम्ही वर्गणी काढतो, फक्त परवानगीसाठी परत मृत्यूचे दाखले मागू नका.

आपला,
एका पेन्शनरचा खापरपणतू

ता.क. आपल्या पीएंनी काल फोन करून सांगितलं की साहेब नाराज आहेत, कोनशिलेवरची तुमची आधीची पोस्ट डिलीट करा. करणार नाही. आणि त्यांना सांगा, बोलताना 'अरे-तुरे' करू नका, मी त्यांच्या वडिलांच्या वयाचा आहे.