आयरिश साहित्याच्या चर्चेत कॅव्हाना हवेत

माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील आयरिश साहित्यावरचा लेख वाचला. येट्स, जॉइस आणि शेमस हीनी यांच्याविषयी त्यात मनापासून लिहिले आहे. परंतु ज्यांचे ऋण खुद्द हीनींनी मोकळेपणाने मान्य केले, त्या कवी-कादंबरीकार पॅट्रिक कॅव्हाना यांचे नावही त्यात नसावे, याची खंत वाटली.

कॅव्हाना यांचा जन्म १९०४ मध्ये मोनाहन परगण्यातील इनिस्कीन येथे झाला. वडील जोडे शिवत आणि थोडीफार शेती करत. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि ते घरच्या शेतीत राबू लागले. पहिला कवितासंग्रह १९३६ मध्ये आला. १९३८ च्या आत्मकथनातील एका वाक्यावरून आयरिश लेखक ऑलिव्हर गोगार्टी यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावून १०० पौंड मिळवले आणि पुस्तक बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी कॅव्हाना डब्लिनला गेले.

त्यांच्या १९४२ च्या 'द ग्रेट हंगर' (मोठी भूक) या दीर्घ कवितेच्या नावामुळे आयरिश वाचकाला १८४५ नंतरचा, बटाट्याचे पीक सडल्याने पडलेला दुष्काळ आठवतो. पण इथली भूक पोटाची नाही. आईच्या धाकात आणि धर्माच्या भीतीत लग्नाविना म्हातारा होत जाणाऱ्या पॅट्रिक मॅग्वायर या शेतकऱ्याची ती भूक आहे. सुरुवातीलाच बटाटे वेचणारी माणसे यंत्राने हलणाऱ्या बुजगावण्यांसारखी टेकडीच्या उतारावर सरकताना दिसतात, आणि शेतकऱ्याच्या सुखी आयुष्याचे शहरात बसून रंगवलेले चित्र तिथेच पुसले जाते. पुढे कॅव्हाना यांना स्वतःलाच ही कविता उणी वाटू लागली. मला मात्र त्यांचे ते मत पटत नाही.

१९४८ ची 'टॅरी फ्लिन' ही कादंबरी त्याच मातीतली. आई, शेत आणि न जमणारे लग्न तिथेही आहे, पण कवितेतील कोंडी इथे मायेने आणि हसत सांगितलेली आहे. म्हणूनच ही दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत.

'एपिक' (महाकाव्य) या छोट्या कवितेत बांधावरच्या खडकाळ तुकड्यासाठी दोन शेजारी हमरीतुमरीवर येतात. साल युद्ध टाळण्यासाठी हिटलरशी झालेल्या म्युनिक कराराचे, १९३८ चे, त्यामुळे या भांडणाला कवी क्षुल्लक मानू लागतो. तेव्हा प्राचीन ग्रीक कवी होमरचे भूत येऊन त्याच्या कानात सांगते की, 'इलियड' हे महाकाव्यही अशाच गावच्या तंट्यातून रचले गेले. आपल्या गावाविषयी शंका न बाळगणारा लेखक आणि राजधानीच्या तोंडाकडे पाहत लिहिणारा लेखक, हा फरक कॅव्हाना आयुष्यभर सांगत राहिले.

१९५५ मध्ये कर्करोगामुळे त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले. त्या उन्हाळ्यात ते डब्लिनच्या ग्रँड कालव्याच्या काठी बसत, आणि त्यातूनच त्यांची कालव्यावरची सुनीते आली. त्यांपैकी एकात त्यांनी स्मारक म्हणून समाधी नको, कालव्याकाठी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एक बाक तेवढा हवा, असे मागितले होते. १९६७ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी मित्रांनी तो बाक तिथे बसवला.

पुरवणीच्या एखाद्या अंकात 'टॅरी फ्लिन'वर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक