डुप्लेक्स बोर्ड : वजनात तूट व ओला माल

वाक्वा, मॉरिशस
ऑगस्ट 2025

प्रति,
निर्यात विभागप्रमुख

विषय : जुलैमध्ये न्हावाशेवाहून पाठवलेला 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे डब्यांचा पुठ्ठा

महोदय,

गेली चार वर्षं आपला सगळा व्यवहार मराठीतच झाला, म्हणून तक्रारही मराठीतच करते. मूळची मी सांगलीची. इथे आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे. एकटीला कंटेनर परवडत नाही, म्हणून आम्ही तिघा प्रेसवाल्यांनी मिळून 8 टन बोर्ड मागवला. आपलं नाव मीच सुचवलं होतं, त्यामुळे आता त्या दोघांसमोर मान खाली घालून बसावं लागतंय.

23 बाय 36 इंची 100 शीटचा गठ्ठा 300 जीएसएमला 16 किलो भरायला हवा. कंटेनर उघडला त्या दिवशी हातात घेताच गठ्ठा हलका वाटला. शेजारच्या किराणावाल्याचा काटा आणून बारा गठ्ठे तोलले. सरासरी 14.4 किलो आली. म्हणजे बोर्ड 270 जीएसएमचा. चार-पाच टक्के इकडेतिकडे चालतं, पण ही दहा टक्क्यांची तूट आहे. त्यात माल दमट होता. ओल धरूनही वजन इतकं कमी, म्हणजे सुका असता तर काय भरला असता याचा हिशेब आपणच करा.

आपलं बिल किलोवर आहे. 500 गठ्ठ्यांचे 8000 किलो लावलेत, आले 7200. उरलेल्या 800 किलोंचे पैसे आम्ही मोजले, भाडं भरलं आणि इथल्या कस्टमला 15 टक्के व्हॅटही भरला. आमच्या तिन्ही प्रेस व्हॅटला नोंदलेल्या नाहीत, म्हणून तो वळता करून घेता येत नाही; तो पैसा गेला तो गेलाच.

ओलीबद्दल आपल्या माणसाने व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'मॅडम, समुद्राची हवा आहे, थोडं होतंच.' समुद्राला कशाला दोष देता? जुलैत मुंबईत धो-धो पाऊस आणि इथे हिवाळा. पावसाळी हवेत भरलेला कंटेनर थंड मुलखाकडे आला की आत छताला दव धरतं आणि थेंब खाली मालावर पडतात. एवढ्यासाठीच आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. आमच्या कंटेनरमध्ये एकही नव्हती. वरच्या थरातल्या 64 गठ्ठ्यांच्या कडा तळलेल्या पापडासारख्या वर आल्यात. मशीनला लावले तर फीडर दोन-दोन शीट एकदम ओढतो, शीट पकडणाऱ्या चिमट्यापाशी, ग्रिपरपाशी, ते अडकतं आणि रंग रंगावर बसत नाही. पहिल्याच फर्म्यात गणपतीचा मुकुट कानाच्या बाजूला सरकला होता!

हे सगळे मोदकांचे डबे आहेत. इथे 2016 ला प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, 2021 पासून एकदा वापरून फेकायचे डबे आणि ताटल्याही गेल्या, त्यामुळे मिठाईवाल्यांना पुठ्ठ्याशिवाय गती नाही. चतुर्थीला तर इथे सार्वजनिक सुट्टी असते. 21 मोदक भरून डबा उचलला की 270 चा तळ पोटासारखा खाली येतो. एका गिऱ्हाईकाने माझ्याच टेबलावर करून दाखवलं.

आपल्या माणसाचा सल्ला होता, 'तिकडच्या मार्केटमधून भरून काढा, पुढच्या ऑर्डरला 5 टक्के सूट देऊ.' कुठलं मार्केट, साहेब? या बेटावर बोर्डाची एकही गिरणी नाही. ऊस चिक्कार आहे, पण त्याचं चिपाड कारखान्यांत जाळून वीज करतात. वहीच्या पानापासून खोक्यापर्यंत सगळं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरतं. पुण्यात माल खराब निघाला तर संध्याकाळपर्यंत टेंपो दुसरा आणून टाकतो. इथे दुसरा माल म्हणजे दुसरं जहाज. शेवटी एका साठेवाल्याकडे 350 चा बोर्ड होता, तो त्याने सांगितलेल्या दराने घ्यावा लागला.

म्हणून 800 किलोंची पूर्ण रक्कम आणि त्यावरचं भाडं व व्हॅट परत करा. 64 गठ्ठ्यांचे पैसेही. सूट नको, ही रक्कम आमच्या नावे जमा केल्याची क्रेडिट नोट पाठवा. शिवाय भरलेल्या कंटेनरचं जे वजन जहाज कंपनीला कळवलंत, त्याच्या पावतीची प्रत द्या. ते कळवणं जुलै 2016 पासून सक्तीचं आहे. त्यातून कंटेनरचं आणि पॅलेटचं वजन वजा केलं की आपल्या गोदामातून किती बोर्ड निघाला ते तिथेच दिसेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. फोन नको, फोनवर आपण फार गोड बोलता.

आपली,
प्रेसची मालकीण

ता.क. न फोडलेले सहा गठ्ठे बाजूला ठेवलेत. आपला इथला एजंट स्वतःचा काटा घेऊन आला तरी हरकत नाही.