मधला दीड गुंठा

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'जेसीबी घालून वाट मोकळी करा' हा तुझा मेसेज वाचला. आई म्हणाली, फोन लावा. पण फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत तापतो, म्हणून लिहितोय.

पाडव्याला तात्यांनी गाडीवाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, हे तुला कळलंच आहे. परवा टोळी आली. ट्रॅक्टर डांबरीवर उभा आणि ऊस फडात. माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, तिच्यातून बायकांनी मोळ्या डोक्यावर वाहिल्या. एकीचं लुगडं काट्यात फाटलं. मुकादमानं वर पैसे मागितले, मी मुकाट्यानं दिले.

रात्री ट्रंकेतून तात्यांकडून घेतलेल्या या रानाचं 1996 चं खरेदीखत काढलं. चतुःसीमेत सडकेच्या बाजूला लिहिलंय, 'पूर्वेस : लिहून देणार यांची शिल्लक जमीन.' आठ फूट रुंद, दोनशे फूट लांब, म्हणजे दीड गुंठा. तेव्हा तात्या म्हणाले होते, 'अण्णा, कडेचे आंबे तेवढे माझे राहू देत, वाट तुमचीच.' मी हसून सही केली. वाटेचा एक शब्द कागदावर घ्यायला सांगितला नाही. तात्यांवर चिडतोस, तर थोडा माझ्यावरही चीड. आता आंबा एकच उरलाय आणि त्यांच्या पोराला तिथं गाळे काढायचेत. आठ फुटांत कसले गाळे? सडकेपासून सोडायचं अंतरच त्यात बसणार नाही.

काल वकिलांकडे जाऊन आलो. एखाद्यानं स्वतःच्याच रानातला तुकडा विकून पुढची पट्टी स्वतःकडे ठेवली आणि त्या पट्टीतून गेल्याशिवाय विकलेली जमीन कसता येत नसेल, तर घेणाऱ्याला तिथून वाट मिळते, खतात लिहिलेलं नसलं तरी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 13. मात्र वाट कुठून द्यायची हे आधी तात्यांनी ठरवायचं, फक्त ती आपल्याला सोयीची हवी. मला हे पटलं. आंब्याच्या बुंध्यापासून लांब, उत्तरेच्या टोकाला दिली तरी माझी हरकत नाही. ट्रॉली वळली म्हणजे झालं.

तू जमीन महसूल संहितेच्या ज्या कलम 143 च्या अर्जाचं म्हणत होतास, तो नको. तो बांधावरून नवी वाट मागण्यासाठी असतो. तो केला की वाट आधी नव्हतीच, असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा. मुदत अडवल्यापासून सहा महिने. पाडव्यापासून मोज.

त्याआधी एकदा तात्यांच्या ओट्यावर बसून बघू. त्यांचा गुडघा दुखतोय, ते येणार नाहीत, आपणच जायचं. कबूल झाले तर तिथल्या तिथं कागद करून तो नोंदवून घ्यायचा. या वेळी तोंडी काही नको. रविवारी सकाळच्या एसटीनं ये. त्यांच्या पोराशी मी बोलेन, तू गप्प बस.

आणि त्या फांद्यांना हात लावू नकोस, कोणाला लावूही देऊ नकोस. दाव्याची वेळ आलीच, तर स्थळपाहणीला त्या तिथंच पडलेल्या दिसायला हव्यात. आल्या आल्या मोबाइलवर त्यांचे फोटो काढ, मागे आंबा दिसेल असे.

तुझा,
अण्णा