ताई, तुम्ही विचारलं म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांनी आमच्या बैठका बदलल्या, त्याचे फोनवर आभार मानले की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं इथंच लिहितोय.

आमच्या कापूसवाल्या गटाची बैठक कशी व्हायची ते तुम्हाला माहितीच आहे. दोघं-तिघं बोलणार, बाकीचे माना हलवणार अन् शेवटी कृषी केंद्रवाला देईल ते औषध. बोंडअळी आली म्हणजे फवारणी कमी पडली, हे इतकं पक्कं होतं की त्याच्यावर कधी बोलणंच झालं नाही. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली, त्याच्यानंतरही नाही. तुम्ही आल्या तेव्हा वाटलं आता भाषण होईल. तुम्ही एवढंच विचारलं, "अळी बोंडात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचतं कसं?" अन् गप्प बसल्या.

ते गप्प बसणं लय महत्त्वाचं होतं ताई. कोणी खोकललं, कोणी चहा पाहायला उठलं, तुम्ही मधात एक शब्द टाकला नाही. मग मागं बसलेले एक काका, जे बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "नाई पोचत बापा." तुम्ही लगेच त्यांनाच विचारलं, मग फवारायचं कधी हे कशावरून ठरवता? तिथून कामगंध सापळ्याचा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्याचा, विषय निघाला. हेक्टरी ५ सापळे लावायचे, एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग असे सलग तीन रात्री आले तर फवारणीचा विचार करायचा, हे सगळं आमच्यातल्याच एका पोराला पाठ होतं, फक्त त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

पण माझ्या मनात खरा बसलाय तो दुसरा प्रश्न. "कापूस वेचतं कोण? मग त्या इथं काहून नाहीत?" पुढच्या बैठकीला बाया आल्या अन् एक काकू म्हणाल्या, ज्या धुऱ्यावर पराटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) ढीग असतो त्या बाजूच्या तासाला कवडी (किडकं, चिकटलेलं बोंड) आधी लागते, आम्ही तर दरवर्षी पाहतो. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. वाळलेल्या बोंडात अळी तशीच पडून राहते अन् पुढच्या हंगामात तिचे पतंग निघतात, हे शास्त्रज्ञही सांगतात. आमच्या गावात ते ठाऊक होतं, पण ज्यांना ठाऊक होतं त्या बैठकीतच नव्हत्या.

मग तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लावल्या. "समजा दिवाळी झाली अन् आपला प्लॅन पार फसला, काहून फसला ते लिहा." ही पद्धत गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, २००७ मध्ये त्यानं तिच्यावर लेख लिहिला, असं तुम्ही नंतर सांगितलं. आमच्याकडं अपशकुनी बोलू नये म्हणून अडचणी कोणी काढत नाही, चिठ्ठीवर मात्र सगळं आलं. सापळ्यातली ल्युअर (वासाची गोळी) बदलायची कोणाच्या लक्षात राहणार नाही. शेजारच्या गावानं फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवली, तर पतंग आपल्याकडं येणारच. एकानं लिहिलं, जानेवारीत घरात पैसा नसतो म्हणून मीच फरदड ठेवीन. हे तोंडानं कोण बोललं असतं?

तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचं सांगितलं होतं, तिथल्या अभ्यास गटात नुसती चर्चा करतात अन् निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं होतो, अन् त्याच गावानं २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवला. आम्ही तेवढं धरलंय. आता एक बैठक नुसती प्रश्नांची, त्यात ठराव घ्यायचा नाही. काही जणांना हा टाइमपास वाटतो, मला नाही वाटत.

तुम्ही आमच्यापेक्षा जास्त शिकलेल्या, उत्तरं तुमच्याजवळ असतीलच, तरी तुम्ही ती आमच्या अंगावर टाकली नाहीत. त्याचेच आभार ताई, मनापासून.

यंदा फरदड ठेवायची नाही असं ठरलंय. पण पराटीचे ढीग हलवायचं निघालं तर त्याच काकूंनी विचारलं, "मंग चुलीत काय घालू, तुमचे सापळे?" सिलिंडर दर महिन्याला भरून आणणं सगळ्यांना जमत नाही, त्यामुळं ह्याच्यावर अजून मार्ग निघालेला नाही. येत्या बैठकीला तोच विषय आहे अन् बैठक बायाच चालवणार आहेत. तुम्ही या. तारीख फोनवर कळवतो.

तुमचा भाऊ,
गटाचा सचिव